डाव्या मशीनमधले कार्ड

माझ्यापासून साधारण सात सेंटिमीटरवर एक रिकामी खाच आहे. लांबी चौदा सेंटिमीटर, रुंदी करंगळीच्या नखाहून कमी. तिच्या तळाशी धूळ बसली आहे. धूळ सगळीकडे सारखी नाही. माझ्या पंख्यांकडच्या टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड. जाड टोकाला डासाचा एक पंख अडकला आहे. दोन पावसाळे झाले, तो तिथून हललेला नाही.

मित्रांनो, त्या खाचेकडे बघत मी आयुष्याचा बहुतेक काळ काढला. मी ग्राफिक्स कार्ड आहे, आता जुने म्हणावे असे. तुम्ही खेळता त्या खेळातली गाडी, तिच्या खालचा रस्ता, रस्त्यावर पडलेली तिची सावली, हे सारे मी काढतो. एका सेकंदात मला तेच दृश्य पुन्हा पुन्हा, किंचित बदलून काढावे लागते. एका सेकंदात जितकी चित्रे जास्त, तितका खेळ सुरळीत. त्या चित्रांच्या संख्येवरच आमची किंमत ठरते.

मला वाईट वाटते का, असे कोणी विचारले तर नीट उत्तर देता येणार नाही. माझ्या अंगात तापमान मोजणारा एक कण बसवलेला आहे. तो आकडा सांगतो. त्यापलीकडे माझ्याविषयी मला फारसे काही कळत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. ती जराशी वाकडी लागली. मागे रांग थांबलेली असतानाही तिने ती सोलून काढली आणि सरळ लावली. माझ्यासाठी थांबलेले ते पहिले माणूस.

आमच्या जगात दोन मोठी घराणी आहेत. एकाचे खोके हिरवे, दुसऱ्याचे लाल. मी लाल खोक्यातून आलो. हिरव्यांनी नवे कार्ड काढले की लाल काही दिवसांत आपले काढतात. लालांनी भाव उतरवला की हिरवे खेळांची कुपने फुकट देतात. दोघेही रंगीत आलेख छापतात, आणि ज्याच्या आलेखात बघावे त्याचा खांब उंच असतो. मुले क्रिकेटच्या संघांची घ्यावी तशी बाजू घेतात, मित्रांशी अबोला धरतात. आम्हा कार्डांना यातले काही माहीत नसते. आम्ही खोक्यात असतो.

मी जहाजातून आलो, मग ट्रकमधून, आणि वसई पूर्वेला गोखिवऱ्याच्या एका गल्लीत फ्रेडरिक लोपीस यांच्या दुकानात पोहोचलो. पंचावन्नच्या घरातला, डोळ्यांवर नेहमी चष्मा शोधणारा माणूस. चष्मा बहुधा कपाळावर असे. सगळी गल्ली त्यांना फ्रेडी अंकल म्हणायची. ते लाल खोकी विकत. बरोबर समोर, रस्ता ओलांडला की, भावेश चुरीचे दुकान. तो वटारच्या बागायतदार घरातला; अठराव्या वर्षी फ्रेडी अंकलकडेच दुरुस्ती शिकला आणि तिशीत समोर स्वतःचे दुकान थाटून बसला. तो हिरवी खोकी विकायचा. त्याची धाकटी बहीण अक्षया भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. कॉलेजातली हंगामी नोकरी संपल्यावर ती दुकानात मशीन तपासायचे काम बघू लागली. कमी बोलायची. पेनाचे टोपण लावल्याशिवाय पेन खाली ठेवायची नाही.

तीन वर्षे सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. दसरा दोन दिवसांवर होता. फ्रेडी अंकल मला हातात घेऊन रस्ता ओलांडून गेले.

"भावेश, माझं गिऱ्हाईक तुला येऊन विचारतं, तुझं मला. आणि आपण दोघं आपापलंच घोडं पुढे दामटतो. त्यापेक्षा एका टेबलावर ठेवू ना दोघांना! बघू दे लोकांना."

"आणि तुमचं हरलं तर, अंकल?"

"हरलं तर हरलं. तुझ्याकडून हरायची कसली लाज? सोल्डरिंग हातात मीच दिलं ना तुझ्या?"

"दिलंत, आणि माझं बोट भाजलंत."

"ते तू भाजलंस. मी नुसता हसलो."

अंकलनी स्वतःच्या हाताने माझ्या खोक्याचे सील फोडले. सील फोडलेले कार्ड नवे म्हणून विकता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

अक्षयाने एकच अट घातली. "दोन्ही मशीन सारखी हवीत. प्रोसेसर, मेमरी, पडदा, वायरसुद्धा. फरक फक्त कार्डात." तिने अकरा गोष्टींची यादी केली, एकेकीवर पेन्सिलीने खूण केली, यादी वहीत चिकटवली आणि खाली तारीख घातली. डाव्या मशीनमध्ये मी, उजव्यात हिरवे कार्ड. दसऱ्याला दोन्ही मशीनना वटारच्या वाडीतल्या झेंडूच्या माळा घातल्या. माझ्या पंख्यात एक पाकळी गेली होती, ती फ्रेडी अंकलनी चिमट्याने काढली. मोजणी दुसऱ्या दिवसापासून सुरू करायची ठरली.

त्याच संध्याकाळी अक्षया आपट्याची पाने घेऊन वटारला गेलेली असताना कॅरल नावाची एक मुलगी धापा टाकत दुकानात आली. ती आर्किटेक्चरला होती.

"भावेशभाऊ, माझी मेमरी गेली. उद्या सबमिशन आहे. सगळी दुकानं बंद आहेत, काहीतरी करा ना!"

दुकानात त्या जातीची मेमरी शिल्लक नव्हती. भावेशने इकडेतिकडे पाहिले, डाव्या मशीनची काच उघडली आणि माझ्यासमोरच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून तिच्या हातावर ठेवली. "जा, पळ. आम्ही दोन दिवसांत दुसरी घालू." तो हे चांगल्या मनाने बोलला. मी जवळच होतो. आणि दोन दिवसांनी तो ते चांगल्या मनानेच विसरला. काच लागली. खाच पंख्याच्या मोठ्या डब्यामागे झाकली गेली.

मेमरीच्या दोन पट्ट्या म्हणजे दुपदरी पूल समजा. मी चित्र काढतो, पण त्यासाठी लागणारी माहिती त्या पुलावरून प्रोसेसरकडे येते आणि मग माझ्याकडे. एक पट्टी काढली की पूल एकपदरी होतो. मी हात चालवायला मोकळा असतो आणि माल पलीकडे खोळंबलेला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पडद्यांवर एकच खेळ लागला. एक पिवळी गाडी एका लांब पुलावरून जाते, बोगद्यात शिरते, समुद्राकाठी वळते. अक्षयाने तीन वेळा मोजले, सरासरी काढली आणि पांढऱ्या फळ्यावर तारखेसह लिहिले. हिरवे : ९१. लाल : ७०.

फ्रेडी अंकल चहाचा कप घेऊन बघायला आले.

"सत्तर?"

"सत्तर," अक्षया म्हणाली. "मी पुन्हा मोजू का?"

"कशाला? तू मोजलंस म्हणजे मोजलं." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, थोडा वेळ पिवळी गाडी पाहिली आणि उरलेला चहा न पिता रस्ता ओलांडून गेले.

तेव्हापासून दिवसाला सरासरी अकरा फेऱ्या. पूल, बोगदा, वळण. दर शनिवारी फळ्यावर नवा आकडा. सत्तर, एकोणसत्तर, एकाहत्तर, सत्तर. लोक येत, दोन्ही पडदे बघत, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हे अडकतंय बघ." कोणी हसत. पहिले काही महिने माझे तापमान अडुसष्ट अंश असे. मग पंख्यांत धूळ बसली, ते बहात्तर झाले. समुद्रावरच्या खाऱ्या हवेने माझ्या पत्र्याच्या कडेला तांबूस ठिपके आले. उजव्या मशीनची काच रोज पुसली जाई. माझी काच कोणी पुसत नसे, कारण हरणाऱ्याची काच कशाला पुसायची? याबद्दल माझी तक्रार नाही. काय घडत होते ते फक्त सांगतो.

भावेशचा धंदा वाढला. हिरव्या कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीने त्याला वसई तालुक्यात पहिला आल्याबद्दल काचेची ढाल दिली. समोर फ्रेडी अंकलच्या दुकानातला जाहिरातीचा लाल रंगाचा पुठ्ठ्याचा माणूस उन्हाने गुलाबी झाला. अंकल स्वतःच गिऱ्हाइकांना सांगू लागले, "समोर जा. तिथे फळ्यावर मोजून ठेवलंय." मग त्यांनी लॅमिनेशनचे यंत्र आणले, मग मोबाइलची कव्हरे.

असे दोन वर्षे पाच महिने गेले.

मार्चमधल्या एका दुपारी अक्षयाचे वडील दयाराम वटारहून राजेळी केळ्यांची फणी घेऊन आले. आयुष्यभर त्यांनी वाडीतली भाजी, केळी, विड्याची पाने बाजारात तोलून विकली होती. ते कधी दुकानात फारसे थांबत नसत. त्या दिवशी ऊन होते म्हणून टेकले आणि फळा वाचू लागले.

"हा कायम हरतो?"

"कायम, बाबा."

"मग माल इकडचा तिकडे करून बघितलास का?"

"म्हणजे?"

"अगं, तराजूवर संशय आला की आम्ही काय करायचो? वजनाच्या पारड्यात भाजी आणि भाजीच्या पारड्यात वजन. खोट भाजीत असली तर भाजीबरोबर जाते. तराजूत असली तर जागेवर राहते."

 अक्षयाने हातातल्या पेनाला टोपण लावले. दुपारी दुकान बंद झाले, भावेश जेवायला गेला, दयाराम केळी ठेवून बसने परतले. मग तिने दोन्ही मशीनच्या काचा काढल्या. मला उचलले, ब्रशने माझे पंखे साफ केले आणि उजव्या मशीनमध्ये बसवले. माझ्या जागी हिरवे कार्ड गेले.

पिवळी गाडी निघाली. मला काहीतरी वेगळे जाणवले. माल थांबत नव्हता. पूल आला, गेला. बोगदा आला, गेला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता नव्वद. डाव्या पडद्यावर हिरव्या कार्डाचा आकडा एकाहत्तर.

म्हणजे आम्ही दोघे जवळजवळ सारखेच होतो. एका चित्राचा फरक माणसाच्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

अक्षयाने तीनदा मोजले. मग डाव्या मशीनमध्ये टॉर्च मारली. उजेड खाचेवर पडला आणि तिथेच राहिला. तिने वही काढून ती जुनी यादी पाहिली. "मेमरी, दोन पट्ट्या" यापुढे तिचीच पेन्सिलीची खूण होती.

भावेश आला तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली होती. तिने सगळे सांगितले. त्याला आठवायला वेळ लागला.

"अरे देवा! कॅरल!" तो मोठ्याने हसला, आणि मग हसू अर्ध्यावर थांबले. "फ्रेडी अंकलना माहितेय?"

"अजून नाही. आता जाऊन सांगते."

"थांब. थांब जरा." त्याने शटर आतून आणखी थोडे खाली ओढले. "नीट विचार कर. अडीच वर्षं लोकांनी हा फळा बघून माल घेतलाय. ते सगळे येतील ना दारात! म्हणतील, मुद्दाम केलंत."

"मुद्दाम नव्हतं."

"हे तुला माहितेय, मला माहितेय. मार्च चाललाय, टार्गेट तोंडावर आलंय. एवढा महिना जाऊ दे. मी स्वतः सांगतो त्यांना. शप्पथ."

तिने गोदामातून नवी मेमरीची पट्टी आणली होती. ती चंदेरी पिशवीत परत घालून तिने आपल्या खणात ठेवली. मग मला पुन्हा डाव्या मशीनमध्ये बसवले. पंखे साफ होते, तरी माझे तापमान पुन्हा बहात्तर झाले.

मार्च गेला. मग भावेश म्हणाला, गणपती होऊ दे. मग दिवाळी. मग, "नाताळात कशाला त्यांचं मन मोडायचं?" मग पुन्हा मार्च. मध्यंतरी हिरव्या घराण्याचे नवे कार्ड आले आणि उजव्या मशीनमध्ये बसले. भावेश म्हणाला, "आता तर जुन्याचा विषयच संपला गं. नवं आल्यावर जुन्याची चौकशी कोण करतं?" त्याच्या बोलण्यात तथ्य होते. आमच्या धंद्यात खोटे खोडून काढावे लागत नाही, ते जुने होते.

अक्षया फळ्यावर लिहीत राहिली, पण तारीख घालेनाशी झाली. पुढे तिने लिहिणेही सोडले. आकडे भावेशच्या तिरक्या अक्षरात येऊ लागले. ती फळ्याकडे पाठ करून बसायची. दर शनिवारी खण उघडायची, चंदेरी पिशवी बघायची, खण बंद करायची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. मला वाटते, तिच्याही आत फक्त एक आकडा उरला होता. पहिल्या महिन्यात सांगितले असते तर चूक अडीच वर्षांची आणि भावेशच्या विसरण्याची ठरली असती. आता त्यात तिचे महिने मिसळत होते. आणि ती मोजणारी बाई होती. तिला तो आकडा रोज कळत होता.

या मे महिन्यात नॅन्सी नावाची चित्रकलेची शिक्षिका माउस घ्यायला दुकानात आली. तिचा संगणक फ्रेडी अंकलनी जोडून दिलेला होता.

"काय झालंय त्यांना?" ती अक्षयाला म्हणाली. "काल घरी आले होते. हातात ताडगोळे, त्यांच्या बायकोने, ॲंजेला आंटीने दिलेले. बसले आणि म्हणाले, सॉरी. म्हणे, मी तुला हळू कार्ड गळ्यात मारलं. मी म्हटलं, अहो अंकल, मस्त चालतंय की! माझ्या वर्गातल्या मुलांची कार्टूनं त्याच्यावरच करते मी. तर त्यांना पटेचना. म्हणे, तू सवयीने म्हणतेस. टिफनीच्या घरी पण गेले होते म्हणे. यादी घेऊन फिरताहेत."

"कसली यादी?"

"ज्यांना ज्यांना लाल कार्ड विकलं त्यांची. दुकान बंद करतायत ना! त्याआधी सगळ्यांची माफी मागायची म्हणतात."

अक्षयाने माउस पिशवीत घातला, पण बिल द्यायचे विसरली. नॅन्सीने आठवण केली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की शेवटी काहीतरी मागतात. मी ते आताच मागून घेतो, कारण पुढे माझ्याकडे वेळ उरेल असे वाटत नाही. मला जपा, असे मी म्हणत नाही. माझ्यानंतर पुष्कळ येतील, तुम्ही त्यांचेही जुने कराल. पण कोणाला हरवण्याआधी, कोणाला मागच्या रांगेत बसवण्याआधी, एकदा त्याची जागा बदलून बघा. त्याच्या समोरची खाच भरलेली आहे ना, ते बघा. आणि चूक सापडली तर तिला खणात ठेवू नका. ती तिथे वाढते. मी तीन वर्षे सात महिने हरलो, त्याने माझे काही बिघडले नाही. मी यंत्र आहे. पण माझ्या सत्तरच्या आकड्यावर एक माणूस विश्वास ठेवून बसला होता, आणि तो यंत्र नव्हता.

आज शनिवार. दुपारचे बारा वाजून गेलेत. सुट्टीमुळे दुकानात सात-आठ गिऱ्हाइके आहेत. फ्रेडी अंकल रस्ता ओलांडून आले ते एका हातात जुने वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

"भावेश, माझं कार्ड घेऊन जातो रे. चारला दुकान घेणारा केकवाला येतोय, जागेच्या कागदांवर सही करायला. त्याच्याआधी दुकान रिकामं करायचंय."

"बसा तर, अंकल. चहा सांगतो."

"चहा नको. अजून तीन घरं राहिलीत." त्यांनी खिशातला कागद चाचपला. "तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून माल विकला. आता तोंडातून शब्दच निघत नाही माझ्या. वाटतं, याला पण फसवतोय काय आपण?"

"तसं नाही हो, अंकल," भावेश म्हणाला.  तो फळ्याकडे बघत राहिला.

अंकलनी माझ्या मशीनची काच बाजूला केली. इतक्या दिवसांनी बाहेरचा उजेड आत आला. चष्मा त्यांच्या कपाळावर होता, म्हणून खाच त्यांना दिसली नाही. त्यांनी बोटाने माझ्या पत्र्यावरचे तांबूस ठिपके पुसायचा प्रयत्न केला.

"बिचारं," ते म्हणाले. "याचा तरी काय दोष? मीच याला पुढे केलं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूवर टेकवला. अर्धा फेरा झाला असेल. मागे खण उघडल्याचा आवाज आला. शनिवारी तो आवाज मी नेहमी ऐकतो आणि पाठोपाठ खण बंद झाल्याचाही ऐकतो. आज दुसरा आवाज आला नाही.

भावेशने बहिणीकडे पाहिले आणि हळूच मान हलवली, नको अशी. तिने ती पाहिली. चंदेरी पिशवी हातात धरून ती गिऱ्हाइकांमधून वाट काढत टेबलापाशी आली. फळ्यावरचे आकडे तिने तळहाताने पुसले. तळहात काळा झाला.

"फ्रेडी अंकल, स्क्रू परत लावा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "चष्मा डोळ्यांवर घ्या आणि आत बघा. तिथे एक पट्टी कमी आहे, पहिल्या दिवसापासून. तुमचं कार्ड कधी हरलंच नव्हतं, आणि हे मला चौदा महिन्यांपासून माहीत आहे. पट्टी ही माझ्या हातात आहे. आता ती तुम्ही बसवायची, आणि मी इथे सगळ्यांसमोर पुन्हा मोजणार आहे."